नाल्यापलीकडचं झाड

प्रताप नगर, नागपूर
७ सप्टेंबर २०२५

चि. साहिल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मोबाईल पोचला. फोन करून सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का, जेवलास का' इथंच संपतं. शिवाय तुमच्या प्रयोगशाळेत शिरताना फोन दारावर काढून घेतात म्हणे. म्हणून ही म्हातारी कागद-पेन घेऊन बसली आहे. उत्तर तुझ्या हातानं लिहून पाठव, अक्षर कितपत बिघडलंय ते मला पाहायचं आहे.

मोबाईल भारी आहे. बाल्कनीत उभं राहून मी समोरच्या अस्मिताच्या गच्चीवरच्या कुरड्या पाहिल्या आणि 'तुझी डाव्या कोपऱ्यातली एक तुटली' म्हणून तिला सांगितलं. तेव्हापासून ती कपडे वाळत घालायला येतानाही केस विंचरून येते. पाण्याच्या टाकीवर बसलेली घार पाहिली. तिचे डोळे तपकिरी आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आता माझा प्रश्न. लांबचं जवळ आणायला लांब नळी लागते, एवढं विज्ञान मराठी शिकवणाऱ्या बाईलाही कळतं. तुझा हा मोबाईल तर वहीपेक्षा पातळ. यात दुर्बीण मावली कुठं? जितेंद्रला विचारलं. तुझा बाप म्हणाला, "कंपनीवाले काही बी करते, तू फोटो काढ न." बापाला इतकंच कळतं, म्हणून मुलाला विचारते आहे.

तुला माहीत आहे, नोकरीभर परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरला नाही. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठल्या मुलीचं नाव घेतलं नाही. आता डोळे थकले. ते काम तुझ्या काचेनं केलं तर बरंच आहे.

पुढच्या महिन्यात काटोलला बगीच्यात जाऊन राहणार आहे. संत्र्याचा आंबिया बहार यंदा चांगला आहे.

आत्याचे आशीर्वाद.

---

बेंगळुरू
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

अक्षर बिघडलंय, माहीत आहे. लाल शाईनं गोल करू नकोस.

तुझा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. लांब नळी लागतेच. आम्ही ती मोडत नाही, आडवी झोपवतो. मोबाईलच्या पाठीवर एक चौकोनी खिडकी दिसते ना, तिच्या आत काचेचा एक लोलक तिरका बसवलेला आहे. बाहेरचा उजेड आत आला की तिथं काटकोनात वळतो आणि मोबाईलच्या अंगातून आडवा धावतो. भिंगं तिथं एकामागे एक उभी असतात आणि शेवटी फोटो टिपणारी चकती. काही मोबाईलमध्ये तर उजेडाला लोलकातच चार-चार वेळा फिरवतात. नऊवारी साडी जशी घडी घालून छोट्या ट्रंकेत बसते, तसा हा उजेडाचा रस्ता आम्ही घडी घालून ठेवतो.

आणि तुझा हात थरथरला की तो लोलक तेवढाच उलटा झुकतो. फोटो हलत नाही. हे झुकवण्याचं काम आमच्या टीमचं आहे. लांबचं सगळं सारखंच स्वच्छ यावं, पुढच्या झाडाचं पान आणि मागच्या झाडाचं पान, दोन्हींच्या शिरा दिसाव्यात, यासाठी आम्ही दोन वर्षं डोकं फोडतोय. घारीचे डोळे तपकिरी दिसले हे वाचून मी पत्र घेऊन रीनाच्या टेबलापाशी गेलो. ती आमच्या टीमची प्रमुख. तिनं मराठी शिकवायला सांगितलं आहे.

बगीच्यात गेलीस की एखादा फोटो काढून पाठव. इथं आम्ही समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे फोटो काढून कंटाळलो.

तुझा,
साहिल

---

काटोल, शेतातल्या घरून
२६ ऑक्टोबर २०२५

चि. साहिल,
आशीर्वाद.

दिवाळी झाली आणि मी इकडे आले. तू आला नाहीस, त्याबद्दल बोलणार नाही. चकल्या तुझ्या बापानं संपवल्या.

बगीचा बघण्यासारखा झाला आहे. फळ रंगात आलंय, फांद्या खाली आल्यात, जितेंद्रनं बांबूचे टेकू लावलेत. मी आले तेव्हा शेजारच्या रुपरावकाकांनी नाल्यापलीकडच्या त्यांच्या बगीच्यातूनच हाक मारली, "चारू, कवा आली वं?" मला चारू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नाही. तुला आठवतं ना, घरी खायला थोडी फळं कुणीही तोडतं, पण आमच्या घरचा विक्रीचा तोडा त्यांच्या हातानं सुरू होतो. आमच्या झाडाचं पहिलं फळ काका तोडतात आणि त्यांच्या झाडाचं आमचे बाबा तोडायचे. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. दोन्ही घरांत याचं मोठं अप्रूप. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून गावात कुणाचं भांडण झालं तर लोक काकांनाच घेऊन जातात. ते दोन धुऱ्यांच्या मधे उभे राहतात आणि सांगतात ते दोघेही ऐकतात.

हे सगळं मी का लिहिते आहे ते आता सांगते.

धुऱ्याकडच्या ओळीतली फळं कमी होत आहेत. सकाळी भरलेली दिसणारी फांदी दुसऱ्या दिवशी हलकी दिसते. जितेंद्र म्हणाला, "कोणी तरी नेऊन राहिलं." काल दुपारी मी घराच्या स्लॅबवर मोबाईल घेऊन बसले. त्या ओळीतल्या टेकू लावलेल्या शेवटच्या झाडापाशी हालचाल दिसली. काच पुढे ओढली आणि फोटो काढला. टेकू आमचा, झाड आमचं, त्याची उजवी फांदी मी झोपेतही ओळखीन. त्या फांदीवर हात आहे आणि दुसऱ्या हातात थैली. माणूस कोण ते तुला फोटोत दिसेलच. नाव लिहायला माझा हात वळत नाही.

आणि कमाल बघ, संध्याकाळी नाल्यापलीकडच्या त्याच घरून एक थैली संत्री आली. पंचफुलाकाकूंनी पाठवली, "चारूले द्या" म्हणून. आमचंच फळ आम्हाला. मी ती थैली ओसरीत तशीच ठेवून दिली, हात लावला नाही.

फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवला आहे. अस्सल आहे ना तेवढं सांग. हल्ली मोबाईल स्वतःच्या मनानं फोटोत काहीबाही भरतात असं वाचलं. तू या कामातला माणूस आहेस. तुझा शब्द आल्याशिवाय मी हे कुणालाही दाखवणार नाही.

तुझी,
आत्या

---

बेंगळुरू
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

घाईत लिहितो आहे, उद्या मोठं सादरीकरण आहे.

फोटो शंभर टक्के अस्सल. मोबाईलनं आपल्या मनानं काहीही घातलेलं नाही, मी मूळ फाईल उघडून तपासली. आत्या, तू काय फोटो काढलास. इतक्या लांबून, उन्हात, हातात धरून. पानांच्या शिरा दिसतात, बांबूची पेरं दिसतात, पुढचं-मागचं सगळं एकसारखं स्वच्छ. इथं सगळ्यांनी वाहवा केली. रीना म्हणाली, आपल्या इतक्या फोटोंत एवढा चांगला नमुना नाही, हाच उद्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा.

फळं कोण नेतं त्याचं काय ते तू आणि बाबा बघा. काचेवर शंका घेऊ नकोस, एवढंच सांगतो.

साहिल

---

प्रताप नगर, नागपूर
२० नोव्हेंबर २०२५

चि. साहिल,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तो फोटो आपल्या बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ लिहिली, 'धुऱ्यावरची फळं कुठं जातात ते ज्यानं त्यानं डोळ्यांनी पाहावं.' नाव घातलं नाही. फोटोत चेहरा एवढा लख्ख असल्यावर नाव कशाला घालायचं?

जितेंद्र म्हणाला होता, आधी काकांशी बोलू. मी म्हटलं, कॉपी पकडताना आपण आधी मुलीला विचारत बसतो का? आता वाटतं, बोलले असते तर काही बिघडलं नसतं. पण ते जाऊ दे.

पुढे काय झालं ते तुला कळायला हवं. फोटो संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावांत पोचला. दुसऱ्या दिवशी काका मंडईत तोड्याआधी गळालेली संत्री घेऊन गेले, तर एका व्यापाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, हा माल कोनाच्या बगीच्यातला?" आणि लोक हसले. काका भरलेली गाडी तशीच वळवून घरी घेऊन आले. मग ते नाल्यापाशी आले आणि जितेंद्रला हाक मारली. म्हणाले, "जितू, तू मले पाह्यलं का गा तुमचं फळ तोडतानी?" जितेंद्र खाली बघत उभा राहिला. काकांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी घरात होते. मला ऐकू येत होतं. मी बाहेर गेले नाही.

त्यानंतर त्यांनी नाल्याच्या त्यांच्या काठानं तारेचं कुंपण घालून घेतलं. दोन घरांच्या मधे कधी काडी आडवी नव्हती, तिथं आता सिमेंटचे खांब आहेत. गावात दोन भावांचा धुऱ्याचा वाद निघाला तर यंदा काकांना कुणी बोलावलं नाही.

आमचा तोडाही अजून सुरू झालेला नाही. पहिलं फळ तोडायचं कुणी? जितेंद्र म्हणतो, तू तोड. माझा हात जात नाही. व्यापारी दारात घिरट्या घालतो आहे.

मला वाईट वाटतं हे कबूल करते. पण चूक ती चूक, मग करणारा कुणीही असो. शाळेत मी स्वतःच्या मैत्रिणीच्या मुलीलाही सोडलं नव्हतं. मी बरोबर केलं ना, एवढं तू लिही. तुझ्या काचेनं पाहिलं, मी फक्त दाखवलं.

एक गोष्ट तेवढी खटकते. काका एकदाही 'मी नाही' म्हणाले नाहीत.

तुझी,
आत्या

---

बेंगळुरू
२९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तू बरोबर केलं नाहीस, कारण मी तुला चुकीचं सांगितलं होतं. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे.

तुझं शेवटचं पत्र येण्याच्या आधीपासून मला हे माहीत आहे. ते आधी सांगतो, म्हणजे तुला माझ्याबद्दल काय वाटायचं ते एकदाच वाटून जाईल. चार तारखेच्या सादरीकरणात तुझा फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर लागला. टाळ्या पडल्या. मग रीनानं सहज विचारलं, "हा माणूस पुढच्या झाडापाशी आहे की मागच्या?" मी म्हटलं, झाड एकच आहे. ती म्हणाली, नीट बघ, पानांचा रंग दोन जातींचा वाटतो. तेव्हा मी पहिल्यांदा फोटो पाहिला. तोवर मी शिरा पाहत होतो, पेरं पाहत होतो, माणसाकडे बघितलंच नव्हतं. भिंतीवर रुपरावआबा होते. ज्यांनी मला नाल्यात खेकडे धरायला शिकवलं ते आबा, आणि समोर सगळे टाळ्या वाजवत होते.

आत्या, त्या फोटोत नाला कुठं आहे?

घराच्या स्लॅबवरून आपली ओळ दिसते, आपलं टेकूचं झाड दिसतं, मग नाला आणि नाल्यापलीकडे आबांचं पहिलं झाड. नाला खोल आहे, स्लॅबवरून त्याचं पाणी दिसत नाही, काठही दिसत नाहीत. दोन्ही झाडं एकाच रेषेत येतात. लांबून पाहिलं की मधलं अंतर आवळलं जातं. नुसत्या डोळ्यांनाही तसंच दिसतं, पण तेव्हा माणूस मुंगीएवढा असतो, म्हणून आपण त्याच्यावर आरोप करत नाही. माझी काच त्याला मोठा करून तुझ्यापुढे उभा करते. मधलं अंतर मात्र ती सोबत आणत नाही. एरवी मागचं थोडं धूसर असतं, त्यावरून तरी कळतं की हे मागे आहे. तो धूसरपणा घालवायलाच मी दोन वर्षं पगार घेतला.

आबांचा हात आपल्या फांदीवर नव्हता. आपल्या फांदीच्या मागे, नाल्यापलीकडे, त्यांच्या स्वतःच्या झाडावर होता. मूळ फाईलमध्ये पानं मोठी करून पाहिली, आपली फांदी त्यांच्या मनगटाच्या पुढून जाते. हात तिच्यावर असता तर ती मनगटाच्या मागून गेली असती.

हे मला चार तारखेला कळलं आणि मी गप्प बसलो. तू फोटो कुणाला दाखवला नसशील, दाखवला तर बाबांना, आणि बाबा आबांना ओळखतात, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण वेगळं आहे. मी तुला 'काचेवर शंका घेऊ नकोस' असं लिहून बसलो होतो, आणि तो शब्द परत घ्यायची मला लाज वाटत होती. आता त्याच्या दसपट लाज वाटते आहे.

काल मी रीनाला सांगून तो फोटो सगळीकडून काढायला लावला आणि का ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. त्यानं आबांचं काही भलं झालं नाही हेही मला कळतं. त्यांच्यासाठी एक कागद सोबत ठेवला आहे. देशील का? मी स्वतः यायला हवं, पण मला पुढच्या महिन्यापर्यंत सुट्टी नाही आणि तोवर थांबणं बरं नाही.

तुला जमलं तर नाल्यापलीकडे आबांच्या झाडाखाली कुणाला तरी उभं करून स्लॅबवरून तसाच फोटो काढ. गावाला शब्द नको, तसाच फोटो दाखव.

साहिल

---

प्रताप नगर
४ डिसेंबर २०२५

साहिल,

पत्र मिळालं. काही दिवस लिहू नकोस.

आत्या

---

काटोल, शेतातल्या घरून
२१ डिसेंबर २०२५

चि. साहिल,
आशीर्वाद.

तुझ्यावर रागावून ती एक ओळ लिहिली असं तुला वाटलं असेल. आधी तसंच होतं. तू अस्सल म्हणालास, तू शब्द दिलास, तू कळूनही गप्प राहिलास, असं मी दोन दिवस घरात एकटीच बडबडत होते. मग एका सकाळी चहा करता करता आठवलं की तू जन्मलाही नव्हतास तेव्हापासून मी तो नाला ओलांडते आहे. परकर वर खोचून, चपला हातात घेऊन. तुझ्या काचेला तो नाला दिसला नाही हे समजू शकतं. मला कसा आठवला नाही? फोटो इतका लख्ख होता की माझं स्वतःचं शेत मी विसरले. हे मला कुणाच्याही माथी मारता येत नाही.

बसनं इथे आले. ओसरीत ती थैली तशीच होती. वरची संत्री सुकली होती, खालची नासली होती. मी ती उकिरड्यावर टाकायला निघाले आणि टाकता येईना. आमचंच फळ आम्हाला, असं मी तुला लिहिलं होतं ना? ते वाक्य फाडून टाक.

मग काकांकडे गेले. नाल्यातून वाट राहिली नाही, तारेला वळसा घालून रस्त्यानं गेले. काका बाजेवर बसले होते. पंचफुलाकाकूंनी पाणी आणून दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. "काका, मी चुकले. फळ तुमचं होतं, झाड तुमचं होतं. मी तुम्हाला चोर ठरवलं." जन्मभर मुलींना उभं करून कबूल करायला लावलं मी. उभं राहणं काय असतं ते आत्ता कळलं.

काका म्हणाले, "चुकलं त चुकलं, बाई. मानूस चुकते."

साहिल, ते मला बाई म्हणाले. शाळेतल्या बायांना म्हणतात तसं, आदरानं.

मग ते म्हणाले, "पन मले एक सांगा. तुम्ही स्लॅबवर होत्या न त्या दिवशी? मंग हाक काहून नाही मारली? 'काका, काय तोडून राहिले' म्हनून? मी सांगतलं असतं."

मी पिशवी उघडली. तुझा कागद दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तुझी तब्येत विचारली. बाकी काही नाही.

मी म्हटलं, तुमच्या झाडाखाली उभं राहून एक फोटो काढायचा आहे, राहू का? ते म्हणाले, "उभ्या राहा." सोबत आले नाहीत.

मी त्यांच्या झाडाच्या फांदीवर हात ठेवून उभी राहिले, दुसऱ्या हातात तीच रिकामी केलेली थैली. जितेंद्रनं स्लॅबवरून फोटो काढला. पलीकडे उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या टेकूच्या झाडाची नाल्याकडची बाजू पार खाल्लेली, खाली साली आणि अर्धवट फळं पडलेली. वानरं नाल्यातून येतात आणि त्याच बाजूनं चढतात. स्लॅबवरून ती बाजू कधीच दिसणार नव्हती. काकांच्या बाजूनं सगळं दिसतं. जितेंद्र आता सांगतो की काकांनी त्याला दिवाळीआधीच म्हटलं होतं, "वानरं येऊन राहिले, ध्यान ठेव." त्याला ते खरं वाटलं नव्हतं.

फोटो ग्रुपवर टाकला. मी अगदी हुबेहूब माझ्याच झाडाची चोर दिसते. खाली लिहिलं, 'यात मी नाल्यापलीकडे रुपरावकाकांच्या झाडाखाली उभी आहे. त्या दिवशी काकाही इथेच उभे होते. त्यांच्यावर मी खोटा आळ घेतला. मला क्षमा नाही मागता येत, म्हणून चूक सांगते.' सात-आठ जणांनी अंगठे दाखवले. एकानं लिहिलं, बाई, फोटो छान आला. पहिला फोटो संध्याकाळपर्यंत गावोगाव गेला होता. हा कुठे गेला नाही. मंडईतल्या त्या व्यापाऱ्याकडे मी स्वतः जाऊन मोबाईल दाखवला. तो म्हणाला, "जाऊ द्या न बाई, मजाक होती ते." मी म्हटलं, तशीच मजाक आता सगळ्यांसमोर उलटी कर. तो हसला. करेल असं वाटत नाही.

आता आजचं सांगते. सकाळी काका आले. मी बोलावलं नव्हतं, कोणत्या तोंडानं बोलावणार? धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, बाबा होते तेव्हा यायचे तसे. जितेंद्रला म्हणाले, "तोडा काहून थांबवून ठेवला गा? फळ पिकून गळून राहिलं." टेकूच्या झाडाशी गेले, हात जोडले, एक फळ देठासकट तोडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "घ्या, बाई."

मी विचारलं, "काका, तुमच्याकडचं पहिलं फळ?"

"ते मेघानं तोडलं." मेघा त्यांची नात. "मागच्याच हप्त्यात. तोडा झाला आमचा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? मग धीर करून म्हटलं, "काका, आता ती तार काढा ना."

ते कुंपणाकडे वळले. रागावलेले दिसत नव्हते. म्हणाले, "राहू द्या, बाई. तुमचं झाड कुठी संपते अन् माहं कुठून सुरू होते, ते फोटोत दिसलं पाह्यजे."

मग ते गेले. पूर्वी नाल्यात उतरून सरळ जायचे. आज फाटकातून बाहेर पडून रस्त्यानं, तारेला वळसा घालून गेले. मोबाईल माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला आणि ते दिसेनासे होईपर्यंत फाटकापाशी उभी राहिले.

आत्या